लाल बटणाचा रिमोट

लाईट जाऊन अर्धा तास झाला होता. देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरांचे मोबाईलही एकेक करून विझायला लागले, तेव्हा वीरभद्रप्पा मास्तरांनी मफलर कानावर ओढून घेतला.

"आपल्या मल्लेशनं घरातला टीव्ही कामून काढला, ठाऊक हाय का कुणाला? मला त्यानं स्वतः सांगितलंय. आईदेखत सांगितलंय. ऐका, पण मधी कुणी हसायचं न्हाई."

आणि मास्तर सांगू लागले.

मल्लेश साखर कारखान्यात काट्यावर. उसाच्या गाड्या मोजायच्या, पावती फाडायची. त्याचे वडील पिराप्पा जाऊन वर्ष उलटलं होतं. घरी बायको अंबिका, दोन लेकरं आणि आई रेणुकाबाई. म्हातारी दिवसभर घरात एकटी भिंतीकडं बघत बसायची. तिला भजनं ऐकायची होती, दुपारची कन्नड मालिका बघायची होती. केबलवाल्यानं गाव सोडलेलं, मोबाईलवर तिला दिसायचं नाही. म्हणून दिवाळी झाल्यावर मल्लेश भालकीला लिंगराजच्या दुकानात गेला.

लिंगराजनं टीव्हीला जोडायचे, नेटवर चालणारे तीन बॉक्स पुढं मांडले.

"हे स्वस्तातलं. दोन महिने पळतंय, मग नुसतं गोल गोल फिरत बसतंय. हे भारीतलं, पण त्यातलं निम्मं तुमच्या आईला लागायचंच न्हाई. मधलं घ्या, अण्णा. जुन्या टीव्हीलाबी बसतंय."

मल्लेशनं मधलं घेतलं. बॉक्स चांगला निघाला, चित्र स्वच्छ. पण त्याच्याबरोबरचा रिमोट म्हणजे झिजलेल्या साबणाची वडी. काळा, सपाट, बटणं हाताला लागायचीच नाहीत. म्हातारीचा अंगठा भलतीकडं पडायचा आणि सगळं गायब व्हायचं. मग ती दारात उभी राहून शेजारच्यांना हाका मारायची. चौथ्या दिवशी मल्लेश परत दुकानात.

"लिंगराज, डबा राहू दे. रिमोट तेवढा दुसरा बघ."

लिंगराजनं खण उपसला. एक जोडला जाईना, एकाची बटणं दगडासारखी. शेवटी खालून एक जाडजूड निघाला. रबराची पकड, बोटभर रुंद बटणं, उचलला की आतून उजेड. मधोमध एक लाल बटण.

"हे दाबून धरायचं अन् बोलायचं. काय ऐकू आलं ते पडद्यावर लिहून दावतंय, मग लावतंय. मराठी ठेवू का कन्नड?"

"मराठीच ठेव. आई देवाशी कन्नडात बोलती, आमच्याशी मराठीत."

त्या संध्याकाळी रेणुकाबाईंनी दोन्ही हातांनी रिमोट तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या, "बाबा, भजन लाव रे." पडद्यावर तसंच लिहून आलं आणि भजन लागलं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

महिनाभर सगळं नीट चाललं.

येळवस आली, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. एकोणीस डिसेंबर, शुक्रवार. अमावास्या. अंबिका लेकरांना घेऊन माहेरी आळंदला गेली होती. आपल्या गल्लीतली निम्मी माणसं शेतावरच वस्तीला राहिलेली. मल्लेशची दुसरी पाळी होती. तो घरी पोचला तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यानं गाडी लावताना मोबाईलमध्ये बघितलं होतं, म्हणून त्याला नेमकं आठवतं.

दार नुसतं लोटलेलं. आत टीव्ही चालू, पण चित्र नाही. काळा पडदा आणि खाली ओळ, "ऐकत आहे". रेणुकाबाई वाकळेवर झोपलेल्या, रिमोट हातात तसाच, अंगठा लाल बटणावर.

पडद्यावर एक शब्द लिहिलेला होता.

मल्लेशा

आई झोपेत बरळली असंल, असं त्याला वाटलं. त्यानं हळूच तिच्या मुठीतून रिमोट सोडवला, हातपाय धुतले, झाकून ठेवलेली भज्जी-भाकरी खाल्ली, वर आंबील प्यायला. थंडी मी म्हणत होती. झोप लगेच यायची नाही, काहीतरी बघावं म्हणून टीव्हीसमोर बसला. लाल बटण दाबलं. तोंड उघडणार, तोवर पडद्यावर अक्षरं उमटली.

मल्लेशा

त्यानं आईकडं पाहिलं. तिचं तोंड मिटलेलं. आणि आई त्याला मल्लू म्हणायची. लहानपणापासून मल्लू. मल्लेशा म्हणणारा माणूस एकच होता.

त्यानं बोट काढलं. शब्द पुसला गेला.

तो उठून दारात गेला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुणी हाक मारत नव्हतं, कुठं रेडिओ नव्हता. आत येऊन कडी घातली. स्वतःलाच समजावलं, मशीन हाय, चुकतंय. पुन्हा दाबून बघू.

दाबलं.

मल्लेशा पानी

घरात आवाज नव्हता. अजिबात नव्हता. फक्त अक्षरं.

आता त्याच्या जागी तुम्ही असता तर रिमोट फेकला असता. त्यालाही फेकता आला असता. पण बोट निघेना. बटण दाबलेलंच ठेवून तो उठला. खिडकीकडं गेला, अक्षरं थांबली. चुलीकडं गेला, काही नाही. मग मधल्या खोलीच्या दारापाशी गेला. त्या खोलीत पिराप्पा चौदा महिने बाजेवर पडून होते. लकव्यानं एक अंग गेलेलं, आवाज असा की जवळ कान नेला तरच समजावा. तेराव्याला बाज देऊन टाकली, तेव्हापासून खोली मोकळी.

दार अर्धं उघडं होतं. आत काळोख. तो काळोखाकडं पाठ करून उभा राहिला, कारण पडदा समोर होता.

पानी दे रे

थोडा वेळ गेला.

घसा वाळलाय बाळा

पुन्हा काही नाही...

मग एक ओळ आली. एकदम आली, अख्खी.

टीव्ही बारीक कर

मल्लेश चौकटीला धरून खाली बसला.

कारण ही गोष्ट जगात कुणालाच माहीत नव्हती. पिराप्पा गेले त्या रात्री मल्लेश पुढच्या खोलीत मॅच बघत होता. वडलांनी पाणी मागितलं. त्यानं दोनदा उठून पाजलं. तिसऱ्यांदा हाक आली, चौथ्यांदा आली. चौदा महिने रोज रात्री तेच चाललेलं. तो कंटाळला होता, पोरांनो. वाईट माणूस नव्हता, कंटाळला होता. पाचव्या हाकेला त्यानं रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. सकाळी जाऊन बघतो तर वडलांचं तोंड उघडं, ओठ कोरडे ठणठणीत. गावाला त्यानं सांगितलं, झोपेतच गेले, काही त्रास झाला न्हाई. मीच तिरडीला खांदा दिला. मलाही तेच सांगितलं होतं.

तो तिथं बसलेला असताना वाकळेवरून आवाज आला.

"मल्लू."

रेणुकाबाई उठून बसल्या होत्या. पडद्याकडं बघत होत्या. त्यांना अक्षरओळख नाही. मराठी नाही, कन्नडही नाही.

"काय लिहिलंय रे त्यात?"

"काय न्हाई आई. जाहिरात हाय. झोप तू."

"जाहिरात..."

पडद्याचा उजेड म्हातारीच्या तोंडावर होता.

"पानी मागायलेत न्हवं?"

मल्लेशनं तिच्याकडं पाहिलं.

"आई, तुला कसं..."

"रोज बघायलेय. तू कामावर गेलास की. मी ते बटन भजनासाठी दाबती अन् त्याच्यावर बारीक अक्षरं येत्यात. मला वाचता न्हाई येत. पण ते किती लांबीचं असतंय ते कळतंय. जेवढा वेळ ते रातचं पानी मागायचे, तेवढंच."

मग मल्लेशनं तिला सगळं सांगितलं. मॅच, पाच हाका, वाढवलेला आवाज, सगळं. फरशीवर डोकं टेकून सांगितलं. आई शिव्या देईल, रडेल, मारेल, असं त्याला वाटलं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

रेणुकाबाई म्हणाल्या, "मी बी जागीच होते, बाळा."

मल्लेशनं फरशीवरून डोकं उचललं.

"तुझ्या अंगाला अंग लावून निजले होते न्हवं ह्याच खोलीत? सगळ्या हाका ऐकल्या. कंबर उचलत नव्हती. म्हणलं, मल्लू जाईल. तू टीव्ही मोठा केलास तेव्हा..." ती थांबली. "तेव्हा मला बरं वाटलं रे. हाक ऐकू यायची बंद झाली म्हणून."

पडद्यावर काही उमटलं नाही, ह्या दोघांचं बोलणंही नाही. मल्लेशचं बोट अजून बटणावरच होतं. ओळ तशीच, "ऐकत आहे".

त्यानं बॉक्सची वायर ओढून काढली. म्हातारी उठली, तांब्या घासला, पाण्यानं भरला, वर पेला पालथा घातला. दोघांनी मिळून तो मधल्या खोलीत बाजेच्या जागी नेऊन ठेवला. हात जोडायचंही सुचलं नाही. दिवा चालू ठेवून दोघं पुढच्या खोलीत आडवी झाली, एक ह्या भिंतीला, एक त्या भिंतीला. त्या रात्रीसारखं अंगाला अंग लावून झोपायचं धाडस दोघांतल्या एकालाही झालं नाही. पहाटे कधीतरी डोळा लागला.

तो बॉक्स त्याच दुपारी भालकीला परत गेला. लिंगराज म्हणत होता, दुसरा देतो, रिमोट बदलून देतो. मल्लेशनं दुकानाच्या पायरीवर पिशवी ठेवली आणि मागं न बघता गाडी सुरू केली. टीव्हीही आठ दिवसांत गेला. अंबिकानं कारण विचारलं, तिला काही सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पण हे सगळं दुपारनंतरचं. सकाळी सहा वाजता मल्लेशनं माझं दार वाजवलं आणि मला हाताला धरून घरात नेलं.

मधल्या खोलीत तांब्या जागच्या जागी होता. गळ्यापर्यंत भरलेला, वर पेला तसाच पालथा. एक थेंब कमी झालेला नव्हता.

पुढच्या खोलीतली शहाबादी फरशी कोरडी होती. फक्त दोन ठिकाणी तांब्याच्या बुडाएवढा ओला गोल होता. एक मल्लेशच्या उशाशी. एक रेणुकाबाईंच्या.