मोजे नसलेला कप्तान

एलायस फ्रीझन कुशीवर निजला होता. एक गुडघा पोटाशी घेतलेला, तळहात गालाखाली. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, गडी दमून झोपलाय. जवळ गेल्यावर दिसत होतं की डोक्याची मागची बाजू चेंदली आहे आणि रक्त रबरी चटईवरून वाहत जाऊन बर्फाच्या कडेला काळं गोठलं आहे.

सार्जंट डारिया कोस्त्युकने छातीवर क्रूस काढला. मृतांसाठी गायची ओळ ओठांतल्या ओठांत म्हटली. मग ती गुडघ्यांवर बसली.

या चेहऱ्याची सॅस्कटून शहरात कुणाला ओळख करून द्यावी लागत नसे. बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या मॅगपाइ संघाचा कप्तान. आठ वर्षांचा करार, संघातला सगळ्यांत मोठा पगार. पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाल्यापासून सबंध हंगाम तो घरी होता. आणि आज रविवारी सकाळी, नदीपलीकडच्या या जुन्या रिंकचं, बर्फाच्या बंदिस्त मैदानाचं, दार राखणदाराने उघडलं, तर खेळाडूंच्या बाकाशेजारी हा मरून पडलेला.

बाजूला मोडकी स्टिक होती. फटक्यांनी तिची दोन शकलं झाली होती. दांड्यावर नाव होतं : ह्रुश्का.

"झालं की काम," कॉन्स्टेबल मॅकनॅब म्हणाला. "खुन्याने सही करून ठेवलीय."

"तू कधी दुसऱ्याची छत्री घेऊन घरी गेला नाहीस वाटतं?"

डारियाने प्रेताचा बूट हळूच उतरवला. पाय उघडा. दुसराही उघडा. बाहेर थंडी अशी, की थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी. आणि बुटांत मोजे नाहीत. घोट्यांवर मात्र आडवे लाल वळ होते, दोरी करकचून बांधल्यासारखे.

कोट खुंटीला होता. त्याच्या खिशात हाताने विणलेले लोकरी मोजे सापडले, नीट गुंडाळी केलेले. बाकाखाली पिवळ्या नाडीचा बोटभर तुकडा मिळाला. दोन्ही टोकं सफाईने कापलेली.

स्केट्स कुठेच नव्हते.

मारेक ह्रुश्काला पकडायला जावं लागलंच नाही. बातमी फुटली आणि संघाच्या फाटकाबाहेर जमलेल्या लोकांनी त्याला गाडीतून ओढून बडवला. पोलिसांनी सोडवून चौकीत आणला तेव्हा त्याचा डोळा मिटला होता, भुवई लोंबत होती, शर्टाची पुढची बाजू लाल झाली होती. मागोमाग संघाचे डॉक्टर ॲलिस्टर पेल बॅग घेऊन धावत आले. पिकल्या केसांचा, हळुवार बोटांचा माणूस. निम्म्या शहराची मोडलेली नाकं त्यांनीच सरळ केलेली.

"तुझी स्टिक तिथे कशी?" डारियाने विचारलं.

"मी दिली होती," मारेक म्हणाला. स्लोव्हाकियातून येऊन सहा हंगाम झाले तरी तो शब्द मोजूनमापून वापरी.

"कुणाला?"

मारेकने लोंबती भुवई बाहीने दाबून धरली.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"हॉस्पिटलात. मुलीपाशी. तिच्या रक्ताचा आजार... तुम्हाला माहीत आहे."

"नर्स म्हणते, मध्येच बाहेर गेलास."

"गेलो होतो."

"कुठे?"

"शब्द दिलाय. सांगता येत नाही."

"शब्द ज्याला दिलास तो मेलाय, बाळा. तू तुरुंगात गेलास तर त्या पोरीच्या उशाशी कोण बसेल?"

मारेकने तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी रक्त आलं आणि तो खुर्चीवरून कोसळला. डॉक्टर पेलनी कुणाला हात लावू दिला नाही. क्षणात त्याला कुशीवर वळवलं, गुडघा पुढे घेतला, तळहात गालाखाली सरकवला. "श्वासनळी मोकळी राहते," ते म्हणाले. मग बँडेज कापायला कमरेची वाकड्या टोकाची कात्री काढली. कात्री नवी कोरी होती. मुठीवर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली, आणि पाती इतकी घट्ट की त्यांना दोनदा जोर लावावा लागला.

"डॉक्टर, फ्रीझन स्केटिंग करू शकत होता?"

"त्याला वाकून नाडी बांधता येत नव्हती, सार्जंट. मणका जुळलेला नाही. गेल्याच आठवड्यात तपासलं. लीगला लिहूनही दिलंय." त्यांचे डोळे भरून आले. "पोरासारखा होता मला."

संघाचे व्यवस्थापक मर्व्हिन टेट स्वतः जुने खेळाडू, पुढचे दात खोटे. त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि ते बसले.

"माझा वेळ कशाला घेता? माणूस तुमच्या ताब्यात आहे, कारण सरळ आहे. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला लीगने मर्यादा घातलीय. एलायस दीर्घ दुखापतीच्या यादीत गेला, त्याचा पगार मर्यादेबाहेर गेला. त्या मोकळ्या जागेत आम्ही स्वीडनचा गोल मारणारा पोरगा आणला. उद्या एलायस उभा राहिला असता तर कुणाला तरी हाकलावं लागलं असतं. ज्याच्या करारात बदलीपासून संरक्षण नाही असा एकच. ह्रुश्का. पोरगी इथल्या हॉस्पिटलात आणि बाप हजार मैलांवर. खून करायला अजून काय लागतं?"

"म्हणजे फ्रीझन उभा राहू शकत होता?"

टेटची जीभ खोट्या दातांमागे अडकली. "बाद फेरीपर्यंत. बाद फेरीत मर्यादा लागू नसते. तोवर देवाच्या कृपेने बरा झाला असता."

"नेमका पहिल्या सामन्याच्या सकाळी?"

"देवाची कृपा सांगून येते का?"

"टेटसाहेब, देवाला तुमच्या वेळापत्रकात ओढू नका. त्याच्याकडे वेगळी कामं आहेत."

एलायसची बायको हॅना फ्रीझन स्वयंपाकघरात उभी होती. साधेपणा पाळणाऱ्या मेनोनाइट ख्रिस्ती पंथाचं घर, भिंतीवर शोभेची वस्तू नाही, टेबलावर न मोडलेला पाव. मोजे पाहताच तिने ते हिसकून घेतले आणि तोंडावर दाबले.

"मी विणलेत. स्केट्समध्ये तो अनवाणीच पाय घालायचा, लहानपणापासून. पात्याखालचा बर्फ कळतो म्हणे. मोजे कोटाच्या खिशात उबेला ठेवायचा. उतरल्यावर आधी मोजे, मग बूट."

"मग तो स्केटिंग करत होता, बाई."

हॅनाने मोजे तोंडावरून खाली घेतले. "मला म्हणाला होता, डॉक्टरांनी मनाई केलीय. पण आजारी नसताना आजारपणाचा पगार खाणं त्याला सोसत नव्हतं. परवा जेवताना चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, 'हॅना, मी रोज खोटं खातोय.' मी समजले नाही. मला वाटलं, भाजीत मीठ कमी झालं."

डारिया तिथून थेट चौकीत मारेकच्या खाटेपाशी गेली. "हॅनाला कळलंय. आता शब्द सुटला. बोल."

मारेक छताकडे पाहत बोलला. "दर शनिवारी जायचो. मी खेळायच्या रबरी चकत्या पुढे ढकलायचो, तो मारायचा. काल मी लवकर निघालो. तो म्हणाला, थांबतो, कुणीतरी मला बघायला येणारेय."

"कोण?"

"नाही सांगितलं."

"तो परत आला असता तर तू जाणार होतास. ठाऊक होतं?"

"हो."

"तरी मदत केलीस?"

"त्याने विचारलं," मारेक म्हणाला. जणू याहून वेगळं उत्तर असतंच कुठे.

दुपारपर्यंत पोलिसांनी रिंकच्या मागचा ढिगारा खणला. बर्फ खरवडणारी गाडी आपला चुरा तिथेच ओतते आणि तो मे महिन्यापर्यंत वितळत नाही. मग डारियाने सगळ्यांना संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. टेट, डॉक्टर पेल, बेड्या घातलेला मारेक. हॅना दाराशी उभी राहिली. बसायला नकार दिला तिने.

"घोट्यांवरचे वळ सांगतात, मेला तेव्हा त्याच्या पायांत स्केट्स होते," डारियाने सुरुवात केली. "खुन्याने ते काढले आणि बूट चढवले. का? फ्रीझन खेळायला धडधाकट होता, हे लपवायला. मारेकला ते लपवून काय मिळणार होतं? काही नाही. ते उघड झालं तर बुडणारी माणसं दोन. व्यवस्थापक आणि डॉक्टर."

"जपून बोला," टेट गुरगुरले.

"तुम्ही लबाड आहात, टेटसाहेब, आणि लीग तुमचं काय ते बघेल. पण तुम्ही आयुष्यभर स्केट्स घातलेत. तुम्ही नाडी सोडली असती. इथे ती कापलीय, स्केटच्या जिभेवरून सरळ खाली. बर्फावर खेळाडू जायबंदी झाला की असं कापतं कोण?"

टेटची नजर पेलच्या कमरेच्या कात्रीकडे गेली.

"शिवाय खेळाडूला ठाऊक असतं की उतरल्यावर मोजे घालतात. डॉक्टरला स्केटमधून निघालेले पाय उघडेच दिसतात. त्याने उघड्याच पायांत बूट कोंबले. आणि प्रेत कुशीवर होतं. गुडघा पुढे, हात गालाखाली. ज्याचं डोकं फोडलं, त्याचीच श्वासनळी मोकळी केली. राग ओसरला आणि हातांनी आपला जन्माचा धंदा केला. मारेक कोसळला तेव्हा तेच हात मी पुन्हा पाहिले. डॉक्टर, तुमची जुनी कात्री स्केट्सबरोबरच पुरलेली होती. पात्यांच्या खिळ्यापाशी रक्त आहे."

पेल हळूच म्हणाले, "त्यानेच बोलावलं मला. म्हणाला, बघा कसा पळतो, आणि बरा झालो असं लिहून द्या. नाहीतर मी सोमवारी लीगच्या डॉक्टरकडे जातो. सही माझी होती. टेटची कुठेच नव्हती. तीस वर्षं... तो नाडी घट्ट करायला वाकला, आणि स्टिक हाताशी होती." त्यांनी स्वतःचं मनगट धरलं. "मग मी नाडी बघितली. नाडी शोधत होतो मी त्याची, मनगटाची. लागत होती, लागत होती, आणि मग थांबली."

"आणि पोरासारखा म्हणवत होतात त्याला," हॅना दारातून म्हणाली.

पेलनी नवी कात्री काढली आणि स्वतःच्या गळ्याकडे नेली. डारियाने मध्ये हात घातला. पातं तिच्या तळव्यात शिरून हाडाला लागलं. बेड्यांतल्या मारेकने खांदा घालून दोघांना लोखंडी कपाटावर आपटलं. पेलची बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कात्री फरशीवर घसरत गेली. मॅकनॅबने तिच्यावर पाय ठेवला.

रक्ताळल्या हाताने डारियाने मारेकच्या बेड्या काढल्या.

टेटनी कोट झटकला. "चला. वाईट झालं. पण ह्रुश्का, आता तू इथेच. कप्तानाचा करार त्याच्याबरोबर संपला, जागा कायमची मोकळी..."

मारेकने एकच ठोसा मारला. खोटे दात कपाटाखाली गेले, आणि बहुधा एखादा खराही.

"सार्जंट!" टेट तोंड धरून ओरडले. "बघितलंत ना?"

"हाताला पट्टी बांधत होते," डारिया म्हणाली. "मॅकनॅब, तू?"

"मी कात्री सांभाळत होतो, बाई."

दफनाच्या दिवशी मेनोनाइट मंडळी बाजाशिवाय गायली. चार पट्ट्यांतले आवाज त्या गोठलेल्या मैदानावर एकमेकांना धरून उभे राहिले. डारिया शेवटच्या रांगेत होती. शब्द तिच्या चर्चचे नव्हते, पण सूर तिने उचलला आणि डोळे मिटून गायली.

डोळे उघडले तेव्हा हॅना कबरीपाशी मारेकसमोर थांबली होती. त्याच्या बुटांकडे बघत होती. बूट आणि पँट यांमध्ये थंडीने निळी पडलेली उघडी कातडी दिसत होती.

"कसा पळत होता तो?" तिने विचारलं. "शेवटी?"

"पाठ कधी दुखलीच नव्हती, असा."

हॅनाने मान हलवली. मग कोटाच्या खिशातून मोज्यांची गुंडाळी काढून त्याच्या हातात दिली.

"घाल," ती म्हणाली. "आणि पोरीकडे जा. वाट बघत असेल."