चार मिनिटं सरळ

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कोनादूने मामांचं स्टूल सरळ उभं केलं. अंगणात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. बाडूमामा दाढी करायला असाफोच्या चौकात गेले होते.

कुमासीतल्या जुन्या घरांत माणूस उठला की त्याचं स्टूल आडवं करून भिंतीला टेकवतात. रिकामं उभं ठेवलं तर वाटेने जाणारं कुणीही येऊन बसतं, आणि ते कुणी म्हणजे शेजारपाजारचं नव्हे. कोनादूने लहानपणी यावरून दोनदा मार खाल्ला होता.

पण आडव्या स्टुलाचा फोटो दोन आठवडे जमत नव्हता. राजधानीतल्या, आक्राच्या प्रदर्शनासाठी तिने घरातल्या बारा वस्तूंचे कृष्णधवल फोटो काढायला घेतले होते. उखळ, कंदील, जर्मनची परात, अंग घासायची जाळी. अकरा झाले होते. बाराव्यात, म्हणजे स्टुलाच्या फोटोत, त्याच्या वाकड्या बैठकीची कमान सावलीत बुडून जायची. तिचा कॅमेरा जुना, लाकडी, तिपाईवरचा. अंगणात, ओसरीच्या सावलीत एका फोटोला चार मिनिटं लागत. चार मिनिटांत काय होतंय, असं ती मनाशी म्हणाली. एक फोटो झाला, मग खात्रीसाठी दुसरा. हातात घड्याळ धरून ती शेजारीच उभी होती. काही हललं नाही. दहाला पाच कमी असताना तिने स्टूल पुन्हा आडवं करून ठेवलं.

मामा बाराला आले. त्यांनी स्टूल मांडलं, गुडघे वाकवले आणि अर्ध्यातच थांबले. मग हळूच सरळ झाले.

"बसा ना, मामा. सूप निवतंय."

"बसतो नंतर," मामा हलक्या आवाजात म्हणाले. आधीच कुणी बसलेलं असावं आणि आपल्यामुळे त्याने उठू नये, अशा आवाजात.

त्यांनी सुपात बुडवलेल्या फुफूच्या गोळ्याचा वाडगा हातात घेतला आणि उभ्यानेच जेवले. शेजारीण मान्साने कुंपणावरून पाहिलं. "काय हो बाडूदादा, सासुरवाडीला आलाय का? बसा म्हणायलाही कुणी नाही?"

एरवी मामांनी तिला दोन शब्द जास्तीच ऐकवले असते. त्या दिवशी ते हसलेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी ते प्लास्टिकच्या खुर्चीवरही बसले नाहीत. बुधवारी सकाळी त्यांच्या खाटेवरची चादर आदल्या दिवशीसारखीच ताणलेली होती. मामा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि त्यांच्या पोटऱ्या सुजल्या होत्या.

दहा वाजता कोनादू फोटो धुवायला कोठीतल्या अंधाऱ्या खोलीत शिरली. पहिला फोटो स्वच्छ आला. लाकडाची रेघ न् रेघ दिसत होती. दुसऱ्यात बैठकीच्या वर राखाडी धूसर काहीतरी होतं. मोठ्या अवधीत हललेली वस्तू अशीच पुसट येते, हे तिला ठाऊक होतं. पण मग स्टूलही पुसट यायला हवं होतं. ते सुरीने कापल्यासारखं रेखीव होतं. मागच्या भिंतीची भेग मात्र त्या राखाडीपाशी येऊन थांबत होती आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होती.

तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवून पट्टीने मोजले. दुसऱ्यात स्टुलाचा तळ जमिनीत रुतला होता.

ती अंगणात आली. झाडून झाडून दगडासारख्या झालेल्या तांबड्या मातीत एक चौकोनी ठसा होता. तिचं नख त्यात पूर्ण बुडलं. दोन माणसांनी उचलायचं उखळ वर्षभर शेजारीच होतं. त्याचा ठसा एवढा खोल नव्हता.

"मामा, मी स्टूल उभं ठेवलं होतं."

"किती वेळ?"

"चार मिनिटं. दोनदा."

मामा चिडले नाहीत. "आडवं करताना उठायला सांगितलंस?"

"कुणाला सांगणार? तिथे कोण होतं?"

मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

गुरुवारी तिने त्यांना दवाखान्यात नेलं. टॅक्सीतही ते वाकून, सीटला न टेकता आले. डॉक्टरने छाती तपासली आणि कोनादूला बाजूला घेतलं. "यांना बसवा, झोपवा, काहीही करा. हृदय थकलंय. असे आणखी दोन दिवस काढले तर माझ्या हातात काही राहणार नाही."

दोन वॉर्डबॉयनी खांदे धरून मामांना खाटेवर बसवायला घेतलं. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस ओरडला.

"अरे सोडा! कुणाच्या मांडीवर बसवताय मला?"

खाट रिकामी होती. वॉर्डबॉयनी हात सोडले.

शुक्रवारी सव्वाअकराला कोनादू औषधं घेऊन परतली. मामा अंगणात बसलेले होते. त्याच स्टुलावर, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

तिने पिशवी ओसरीवर ठेवली. "बसलात?"

"बसलो."

"आणि... ते?"

"जमवून घेतलं," मामा म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "कॅमेरा आण. तुझा फोटो राहिलाय ना?"

तिला नको होतं. पण मामा तीन दिवसांनी बसले होते, आणि त्यांना उठवेल असं काहीही तिला करायचं नव्हतं. तिने तिपाई लावली आणि काळं कापड डोक्यावर घेतलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं पडतं. मामांचं डोकं खाली, पाय वर. तिने भिंग डोळ्याला लावून चेहरा रेखीव केला, मग हात, मग गुडघे.

मग पाय.

पायांच्या आणि जमिनीच्या मध्ये उजेडाची एक पट्टी होती.

तिने काच पुसली. पट्टी तिथेच होती.

ती कापडातून बाहेर आली आणि स्टुलापाशी गुडघ्यांवर बसली. स्टूल बुटकं होतं. एरवी मामा त्यावर बसले की त्यांचे गुडघे छातीशी येत.

तिने मामांच्या तळपायांखाली हात सरकवला. एकावर एक चार बोटं सहज मावली.

दुपारी एक वाजेपर्यंत मामा बसलेलेच होते. मधूनमधून ते थोडे वर जात, थोडे खाली येत, कुणीतरी सावकाश श्वास घ्यावा तसे.