तीन नंबरच्या बूथची कबुली

सकाळी सातला फोन खणखणला.

"साहेब, जल्दी आवो! दांडिया बाजारच्या शाळेत मास्तर गच्चीवरून पडले. खलास!"

इन्स्पेक्टर उदयसिंहराव खानविलकर चहा तसाच टाकून निघाले. मेले होते मराठीचे मास्तर गोविंद पोतनीस, नुकत्याच झालेल्या विधानसभा निवडणुकीत तीन नंबरच्या बूथचे केंद्राध्यक्ष. वर्गातल्या टेबलावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. वर मधोमध 'श्री', खाली दोन ओळी: 'माझ्या बूथवर मी दोनशे खोटी मतं टाकली. मला क्षमा करा.'

उदयसिंहरावांनी चिठ्ठी उचलून पुन्हा वाचली. राज्यात दोन्ही पक्ष बरोबरीत अडकलेले. बडोद्याची ही एक जागा ज्याची, सरकार त्याचं. आणि तिथला निकाल लागला होता फक्त सदतीस मतांनी! ही चिठ्ठी खरी ठरली तर फेरमतदान, आणि मग सगळंच उलटंपालटं.

पी.टी.चे मास्तर प्रतापसिंहराव शिर्के डोळे पुसत बसले होते. बूथवरही ते पोतनीसांच्या हाताखाली होते.

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल, शाळा सुटल्यावर. साडेपाच असतील. चिठ्ठी माझ्यासमोरच लिहीत होते हो! मला वाटलं, परीक्षेचे प्रश्न काढतायत."

"नक्की हाच कागद?"

"हाच. डोळ्यांनी पाहिला."

"मग?"

"मी घरी गेलो. थांबलो असतो तर वाचले असते बिचारे."

पोतनीसांच्या घरी त्यांची मुलगी मोहना भिंतीला टेकून बसली होती. आई नव्हती तिला. पोलिसांना पाहताच ती उसळली.

"माझ्या बाबांनी एक खोटं मत टाकलं नाही! आणि गल्लीत काय बोलतायत ऐकलंत? चोराची पोर म्हणतायत मला!"

"काल ते घरी कधी आले होते?"

"दुपारी, जेवायला. तेवढ्यात इंदूरची तार आली, सख्खे काका गेले. बाबांनी अंघोळ केली आणि रजेचा अर्ज देऊन येतो म्हणून परत शाळेत गेले, ते आलेच नाहीत. एका दिवसात दोन सुतकं, साहेब! कोणाकोणासाठी रडू?"

मराठ्यांच्या घरात वाढलेल्या उदयसिंहरावांना एवढं पुरे होतं. त्यांनी हेडमास्तरांकडून तो रजेचा अर्ज मागवला आणि दोन शिपायांना शिर्केंच्या घरी झडतीला पाठवलं.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी दोन्ही कागद शिर्केंपुढे ठेवले.

"हा अर्ज पोतनीसांनी काल तीन वाजता दिला. वर 'श्री' नाही. का नाही?"

"विसरले असतील."

"तीस वर्षं फळ्यावर आधी 'श्री' काढणारा माणूस? सुतक होतं त्यांना! सुतकात आपल्याकडे कोणी कागदावर 'श्री' घालत नाही. आणि तुम्ही म्हणता, साडेपाचला तुमच्यासमोर 'श्री' घालून लिहिलं. तार घरी आली, म्हणून तुम्हाला पत्ताच नव्हता. त्यांच्या जुन्या वह्या पाहून अक्षर गिरवलंत, त्यात रोजचा 'श्री'ही उचललात."

शिर्केंनी दोन्ही कागद दूर सारले.

"तुमच्या माळ्यावर गिरवलेले अकरा कागद सापडलेत. पडलेल्या उमेदवाराने काय देऊ केलं होतं?"

"महापालिकेचं तिकीट," शिर्के पुटपुटले. "मी त्यांना गच्चीवर नेलं, हातापाया पडलो. म्हटलं, या कबुलीवर एवढी सही करा, बाकी आम्ही पाहू. म्हणाले, जीव गेला तरी करणार नाही."

"म्हणून जीवच घेतलात!"

संध्याकाळी उदयसिंहराव मोहनाकडे गेले. शेजारच्या रेडिओवर बातम्या चालू होत्या. सदतीस मतांनी जिंकलेला पठ्ठ्या दुपारीच समोरच्या पक्षात गेला होता. ज्यांच्यासाठी शिर्केंनी खून पाडला त्यांचंच सरकार येत होतं, तेही फेरमतदानाशिवाय. उदयसिंहरावांना स्वतःच्या वर्दीची लाज वाटली.

मोहनाने सगळं ऐकून घेतलं.

"बाबांनी खोटी मतं टाकली नाहीत, एवढं लिहून द्या, साहेब. शिक्क्यासकट द्या, दारावर चिकटवते. बाकी तुमचं सरकार तुम्हाला लखलाभ!"