हलवू नका

इंजिनाच्या कडीला सलग तिसऱ्या सकाळी पाटी लटकलेली पाहून नेस्टा प्रिचर्डनं हातमोजे बाकावर आपटले.

"एम्रिस! पुन्हा तुझाच चावटपणा ना?"

एम्रिस तेलाचा डबा घेऊन शेडच्या दारात उभा राहिला. "माझं अक्षर इतकं सुबक असतं तर बाई, मी खाणीच्या कचेरीत नसतो बसलो?"

पाटी दगडी होती, याच डोंगरातल्या काळ्या दगडाची. वर खडूनं लिहिलेलं: हलवू नका. त्यांच्या स्वतःच्या पाट्या तांबड्या पत्र्याच्या. नियम मात्र, ही गाडी पर्यटकांऐवजी खाणीतला दगड वाहायची, त्या काळापासूनचा. इंजिनाखाली शिरणाऱ्यानं पाटी लावायची आणि त्यानंच ती काढायची. दुसऱ्याला काढायचीच झाली, तर आधी वाकून तीनदा हाक द्यायची.

पहिले दोन दिवस नेस्टानं इमानानं हाका दिल्या होत्या. "खाली कोण?" उत्तर नाही. रुळांखालच्या तपासणीच्या खड्ड्यातून ओल्या लोकरीचा वास तेवढा वर आला.

आज तिच्याजवळ तेवढा धीर नव्हता. ब्लोद्वेन या वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरचा परवाना संध्याकाळी संपत होता. दुरुस्तीला सात-आठ वर्षं लागणार आणि नेस्टा एकाहत्तर वर्षांची. या इंजिनाचा दांडा पुन्हा तिच्या हाती यायचा नव्हता. वाफ तयार होती, फलाटावर माणसं ताटकळत होती.

"हाक तरी दे," एम्रिस म्हणाला.

"कुणाला? उंदरांना? दोन दिवस ओरडून घसा बसला माझा!"

तिनं पाटी साखळीसकट ओढून काढली. साखळी खणखणली. ब्रेकचं चाक सोडलं, दांडा ओढला. इंजिन हललं आणि खालून आवाज आला. ठक्. एकदाच.

"लोखंड तापतंय," ती म्हणाली.



दिवसभर प्रत्येक फेरीला, गाडी सुटताना, तेच. ठक्. पाच वाजता उन्हं शेडच्या आत आलेली असताना तिनं इंजिन खड्ड्यावर आणून उभं केलं.

"उद्यापासून ब्लोद्वेन उभीच राहणार आहे. चल, चहा घे," एम्रिस म्हणाला.

"आणि नेस्टानं शेवटच्या दिवशी मोडून ठेवलं म्हणून गावभर होऊ दे! तू जा, आधण ठेव."

तिनं ब्रेक आवळला, आपली तांबडी पाटी साखळीनं कडीला लावली आणि विजेरी घेऊन खड्ड्यात उतरली.

काही सैल नव्हतं. चाकाच्या आऱ्यांतून तिनं खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना आसावर काहीतरी लागलं. खडूचा तुकडा. ओलसर.

लोकरीचा वास दाटला.

वर साखळी खणखणली.

"एम्रिस?"

"नेस्टा!" लांबून, शेडमागच्या स्वयंपाकघरातून हाक आली. "साखर किती?"

डोक्यावर ब्रेकचं चाक सावकाश फिरू लागलं.

खाली कोण आहे, ते कुणी विचारलं नाही.