यादीतलं जुनं कार्ड

“यंत्र खोटं बोलत नाय, असं तूच सांगत फिरतेस ना गावभर? मग आता बोल की.” जनीने कीबोर्डवर हात ठेवून मला अडवलं होतं. “ह्यांच्याकडचं कार्ड यादीत दिसतंय का नाय?”

“दिसतंय.”

“मग हे जिवंत हायत.”

“जने, कार्ड दिसलं म्हणजे माणूस आला असं होत नाही.”

जनी माझी धाकटी बहीण. तिचा नवरा केरू दोन महिन्यांपूर्वी जयगडच्या खाडीबाहेर होडीसकट बुडाला. प्रेत मिळालं नाही. आमचं हे बोलणं चाललं त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, असं भटजींनी सांगितलं होतं. तो एकदा जळला की माणूस गावाच्या लेखी संपला. मग चालत घरी आला तरी त्याला कोणी पान वाढत नाही. जनी म्हणत होती, जाळायचा नाही. मी म्हणत होते, जाळायचा. कुंकू लावून रोज उंबऱ्यावर वाट बघत बसलेली बहीण मला बघवत नव्हती.

पुतळा गुणाजी वळत होता, बाहेर पडवीत. त्या होडीवर केरूबरोबर तोच होता. डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

“गुणाजीने डोळ्यांनी बघितलंन,” मी म्हटलं. “केरू खाली गेला तो वर आलाच नाही. त्याच्यावर विश्वास नाही?”

“तुझ्या यंत्रावर हाय. त्याच्यावर नाय.”

बाहेरून गुणाजी हसला. “आक्का, यंत्रालाच विचारा, पुतळ्याची उंची किती धरू?”

आता हे यंत्र काय, ते सांगते. मी चौथी शिकलेली. रेडिओ उघडून उघडून शिकले. साठी उलटल्यावर सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवला आणि इंग्रजी अक्षरं लावत प्रोग्राम लिहायला लागले. हसणारे हसले. मी गावातल्या बायांची गाणी टेप करते; त्याला माइक लागतो, आणि माझ्या माइकला यूएसबीत खोचायचं बोटभर साउंड कार्ड. मशीन दर वेळी त्या कार्डांचे क्रमांक बदलायचं आणि गाणं भलत्याच माइकवरून जायचं. म्हणून २००६ साली मी ‘ओळख’ लिहिला. माझ्या प्रत्येक कार्डाच्या पोटात त्याचा स्वतःचा, कधी न बदलणारा नंबर होता. तो वाचून ‘ओळख’ मी ठेवलेलं नाव दाखवतो. आत्ता खोचलेलं असेल तेवढंच दाखवतो, एक जास्त नाही.

जुनं कार्ड खरखरायचं. रत्नागिरीच्या बाजारातून बदलून आण, म्हणून मी ते केरूला दिलं. त्याने ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. “उद्या दर्यावरनं आलो की जातो,” म्हणाला. ते त्याच्या खिशातच राहिलं.

आणि त्या दुपारी यादीत दोन नावं होती. ‘नवं’. ‘जुनं, केरूकडे’.

मी नवं कार्ड उपटलं. ‘नवं’ गेलं. दुसरं नाव तसंच राहिलं. मशीनच्या मागे हात घालून एकेक भोक चाचपलं. सगळी रिकामी. मशीन बंद करून परत चालू केलं. तेच नाव.

आवाज बाहेरून येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. भर दुपारी खोलीत काळोख, फक्त पडद्याचा निळसर उजेड. त्या उजेडात आवाज मोजणारी हिरवी पट्टी हलली. थांबली. परत हलली… कोणी श्वास घ्यावा तशी. खोलीत ओल्या जाळ्याचा वास यायला लागला, आणि त्यात डिझेल.

जनी हळूच म्हणाली, “आता?”

मला केरूचा विधी उरकायचा होता. जन्मात कधी न म्हटलेलं वाक्य मी म्हटलं. “माझा प्रोग्राम चुकलाय.”

“तुझा?” ती माझ्याकडे बघत राहिली. “तू घाबरलीस, आक्का.”

तिने हेडफोन उचलून कानाला लावले. मी हात धरला, तो तिने झटकला. मला हेडफोनच्या कडेतून तेवढी खरखर ऐकू येत होती. जुन्या कार्डाची. ती मी हजारांत ओळखेन.

“अहो…” जनी म्हणाली. मग ऐकत राहिली. एकदा मान हलवली. एकदा विचारलंन, “कधीपासनं?” उत्तर लांबलचक असावं, कारण पट्टी बराच वेळ वरखाली होत होती. तिच्या चेहऱ्यावरचा हट्ट हळूहळू उतरत गेला. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. बंद दाराकडे बघायला लागली, आणि खुर्ची सरकवत माझ्या अंगाला येऊन टेकली.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

दारावर टकटक झाली. “झाला पुतळा,” बाहेरून गुणाजी म्हणाला. “दार उघडा. बघून घ्या.”

मी उठायला लागले. जनीने माझा पदर धरला, हेडफोन काढून मांडीवर ठेवले, आणि अगदी माझ्या कानाशी म्हणाली, “उद्या जाळूया, आक्का… पण पुतळे दोन लागतील; गुणाजी तिथंच हाय, खाली, ह्यांच्या बाजूला.”