एकोणिसावा मुखवटा

चिलीच्या वाळवंटातल्या ला तिराना गावी, देवीच्या देवळापुढच्या धुळकट चौकात यस्नानं पाठीवरची पिशवी आवळली. आत वहीएवढा बिनतारी राउटर आणि बॅटरी. तिच्या मोबाइलवर अठरा नाचऱ्यांची नावं होती. जत्रेत देवीपुढे नाचताना घालायच्या त्यांच्या सैतानी मुखवट्यांतले एलईडी दिवे तिथूनच चालायचे. राउटरला जो मुखवटा सगळ्यांत जवळ, त्याचं नाव सगळ्यांत वर.

"यस्नाबाई, दिवे लावतेस, की देवीनंच काडी ओढायची?" म्होरके एलेउतेरियोकाका मुखवट्यातून ओरडले.

तिनं लाल रंग दिला. अठरा मुखवटे पेटले.

कडेला आई उभी होती. "भावाचा नवस पिशवीत घालून नेतेस होय?"

"मी नाचणार नाही, आई. दिवे सांभाळते. देवी तेवढं मानून घेईल."

"आणि तुझा भाऊ?"

यस्नाच्या छातीचं दुखणं बरं व्हावं म्हणून निबाल्दोनं तीन वर्षं नाचायचा नवस केला होता. ती बरी झाली. दोन वर्षं तो नाचला, तिसरं राहिलं; गेल्या ऑगस्टात बंदरावर क्रेनखाली सापडून गेला. आईनं त्याला मुखवट्यासकट, नाचाच्या बुटांसकट पुरलं. डाव्या बुटाची टाच सुटत होती. यस्नानंच तीन खिळे ठोकले होते.

उन्हं कलली तसा निरोपाचा नाच सुरू झाला. निरोपात देवीकडे पाठ करायची नाही. चौक संपेपर्यंत उलट्या पावलांनी जायचं. यस्ना रांगेच्या शेपटाला होती. तिच्या मागं नुसता रस्ता आणि वाळवंट.

मोबाइल थरथरला.

यादीत एकोणीस नावं. तळाला निबाल्दो.

ते नाव तिनं पुसलं नव्हतं, हे खरं. पण मुखवटा चालू असल्याखेरीज नाव उमटत नाही.

ती एकेक पाऊल मागं सरत होती. नाव एकेक घर वर चढत होतं. बारावं. सातवं. तिसरं.

पहिलं.

"काका, माझ्या मागं कुणी आहे का हो?"

"मला काय ठाऊक! मान वळवू नकोस, पोरी. समोर देवी आहे."

तिनं त्या एका नावाला पांढरा रंग दिला.

तिची सावली तिच्या पुढ्यात लांबलचक पडली.

मागं बूट वाजले. एक, दोन, उडी. एक, दोन, उडी.

न नाचणाऱ्या यस्नाचे पाय ठेक्यात पडू लागले.

चौक संपला. सगळ्यांनी मुखवटे उतरवले. ती वळली. रस्ता रिकामा. मोबाइलवर अठरा नावं.

पुढच्या धुळीत अजून कुणी पाऊल टाकलं नव्हतं. तरी बुटांचे ठसे पार वाळवंटापर्यंत गेले होते. डाव्या टाचेत तीन खिळे. चवडे सगळे देवळाकडे.