कोरडा हायड्रंट

"बाई, झाकण सापडलं. तुमच्यासमोरच उघडायचं म्हणून थांबलोय. लगेच या."

बंबखान्याच्या प्रमुखांचा फोन आला तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. पाणीपुरवठा मंडळाच्या चौकशी अधिकारी हातातला डबा तसाच मिटून निघाल्या. मंडळात त्यांना सगळे 'चौकशीबाई' म्हणत. समोर आदराने आणि पाठीमागे धसक्याने.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. जळका डिंक, भिजलेला कागद आणि त्याखाली आणखी काहीतरी. त्याचं नाव घ्यायची बाईंची इच्छा नव्हती. पुस्तकबांधणीचा दुमजली कारखाना आदल्या दिवशी दुपारी तीनला पेटला होता. वरच्या मजल्यावर दोन बहिणी पानं शिवायचं काम करत. थोरली खिडकीतून उतरली. धाकटी जिन्यात सापडली.

आणि कारखान्याच्या दारासमोर, वीस पावलांवर, बंबाची नळी जोडायचा चौऱ्याहत्तर नंबरचा हायड्रंट उभा होता. टोपीपासून बुडापर्यंत लालभडक, नवा कोरा रंग. नवरदेवासारखा नटलेला.

"आम्ही चार मिनिटांत पोचलो होतो," प्रमुख म्हणाले. "नळी जोडली, चाक फिरवलं. फुस्स! हवासुद्धा धड आली नाही. दुसऱ्या गल्लीतून पाणी आणेपर्यंत सगळं संपलं."

"खालचा व्हॉल्व्ह बंद असेल असं तेव्हा वाटलं नाही?"

"वाटलं ना! चेंबरचं झाकण शोधलं. दोन जवान रस्ता पायाने चाचपत होते. दिसलंच नाही. धुरात राहून गेलं असेल. आज बघतो तर हे इथे, समोर."

"आज कधी दिसलं?"

"जवान सकाळी सहापासून पहाऱ्यावर आहेत. आता राख झाडताना दिसलं. अजून कुणी हात लावलेला नाही."

"आणि सहाच्या आधी?"

"आम्ही रात्री दहाला निघालो. मध्ये इथे कुणी नव्हतं."

बाई झाकणाजवळ उकिडव्या बसल्या. ओतीव लोखंडाचं गोल झाकण, वर मंडळाची उठावाची अक्षरं. त्यांनी वाकून वास घेतला. रॉकेल. जळक्या वासातही तो वेगळा कळत होता.

झाकण उचललं. आतला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होता. लांब दांड्याची चावी लावून दोघे जवान तिला लोंबकळले, तेव्हा कुठे गंजाचे पोपडे सुटले आणि तो करकरत हलला.

"झालं," प्रमुख उठत म्हणाले. "कुणीतरी बंद केला आणि उघडायला विसरला. त्या विसरभोळ्याला फाशी द्यायला हवी."

बाई घड्याळात बघून वहीत वेळ लिहीत होत्या. बारा वाजून पाच मिनिटं.

*

मंडळाच्या उपअभियंत्याला सगळे 'साहेब' म्हणत. साहेबांचा आवाज मऊ होता. टेबलावर संत्र्याची सालं एकावर एक रचलेली होती, आणि ते प्रत्येक फोडीचा पांढरा दोरा नखाने काढून मग ती तोंडात टाकत होते. शेजारी हायड्रंट-तपासणीचा ठेकेदार बसला होता. त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यावर लाल रंगाचे दोन ठिपके वाळले होते.

"फार वाईट झालं हो," साहेब म्हणाले. "मी आजच हार पाठवलाय. पण मंडळाची चूक नाही. तीन आठवड्यांपूर्वीच सगळे तीनशे चाळीस हायड्रंट तपासून घेतलेत. दाखवा हो यांना."

ठेकेदाराने फोटोंची जाडजूड फाईल पुढे सरकवली. चौऱ्याहत्तर नंबर. खांबावर पांढऱ्या रंगात आकडा, तोंडातून पाण्याचा फवारा.

"म्हणजे तेव्हा पाणी होतं?"

"भरपूर!" ठेकेदार म्हणाला. "दाब मोजला, ग्रीस घातलं, रंग दिला."

"किती दिवसांत केलं हे काम?"

"नऊ."

"माणसं किती?"

"दोन. पण कामाला वाघ आहेत."

बाई पानं उलटत राहिल्या. एकावन्न, एकशे आठ, दोनशे नव्वद. सगळीकडे फवारा. सगळीकडे डाव्या टोपीची साखळी तुटलेली आणि तांब्याच्या तारेने बांधलेली.

"साखळ्या तुम्ही बांधल्या?"

"हो तर. सगळ्या तारेनेच बांधल्या."

"चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. "साहेब, हा ठेका देतानाची फाईल बघू?"

साहेबांची फोड तोंडाशी थांबली. मग हसून त्यांनी कपाट उघडायला सांगितलं.

तिघांनी अर्ज केले होते. एकाने मुदतीनंतर. दुसरा होता बंबखान्यातून निवृत्त झालेला फोरमन. त्याने लिहिलं होतं: 'प्रत्येक हायड्रंटचा खालचा व्हॉल्व्ह उघडून पाहू. त्यासाठी नकाशा आणि त्या भागाचे व्हॉल्व्ह सांभाळणारा चावीवाला सोबत द्यावा.' त्याच्या अर्जावर साहेबांच्या सुबक अक्षरात शेरा होता: 'अनावश्यक अटी. नामंजूर.'

"अनावश्यक का?"

"अहो, रस्ते खणत बसला असता तो. लोकांना त्रास." साहेबांनी हात पुसले. "दोष चावीवाल्याचा आहे, बाई. तपासणीनंतर त्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि विसरला. मी त्याला निलंबित केलंय."

*

चावीवाला अठ्ठावन्न वर्षांचा, हडकुळा माणूस. दाराशी बादली आणि फडकं घेऊन उंबरठा पुसत होता.

"थोरली आली होती सकाळी," तो वर न बघता म्हणाला. "मेलेलीची बहीण. तीन घरं सोडून राहतात. थुंकली आणि गेली. लहान असताना दोघी माझ्या सायकलवर बसायच्या."

"काका, व्हॉल्व्ह तुम्ही बंद केला?"

"मी? ते झाकण मला सहा वर्षांत दिसलेलं नाही! बंद काय करतोय, कपाळ?"

"आज तर दिसतंय."

"आज दिसतंय, मग सहा वर्षं मी आंधळा होतो का?" त्याने आतून एक पिशवी आणली. त्यात सहा अर्जांच्या कार्बन प्रती होत्या, वर्षाला एक. 'चौऱ्याहत्तर नंबरचे झाकण दिसत नाही. गळतीच्या दुरुस्तीत आतील व्हॉल्व्ह बंद केलेला आहे, तो तसाच राहिला आहे. आग लागल्यास पाणी मिळणार नाही.'

"यावर पोच नाही कसली."

"साहेब हातात घ्यायचे. म्हणायचे, 'ठेव, बघतो.' साहेबांकडे पोच कशी मागायची, बाई?"

बाईंनी निलंबनाचा आदेश मागितला. एकाच परिच्छेदाचा कागद होता. 'झाकण उघडले असता व्हॉल्व्ह पूर्णपणे बंद आढळला. सबब सदर कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध होत असल्याने…' खाली चावीवाल्याची सही आणि शिपायाने टाकलेली वेळ.

तो कागद बाईंनी दोनदा वाचला, आणि मग पिशवीसकट सोबत घेतला.

परतताना त्या पुन्हा जळक्या गल्लीत गेल्या. रस्त्याच्या कडेची गटारं त्यांनी काठीने ढवळली. काळं पाणी, कुजका कागद, एक मेलेला उंदीर. नाकाला पदर लावून त्या पुढे जात राहिल्या. वळणावरच्या नाल्यात काठी कशाला तरी अडली. डांबराचा जाड, ताटाएवढा तुकडा होता. त्यांनी तो स्वतःच्या हाताने बाहेर काढला, नळावर धुतला आणि उलटा करून बघितला.

मग तिथेच फुटपाथवर बसून त्यांनी प्रमुखांना फोन लावला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मंडळाच्या सभागृहात पाच खुर्च्या भरल्या. साहेब, ठेकेदार, प्रमुख, चावीवाला आणि स्वतः बाई. आणि भिंतीला टेकून, हाताला पट्टी बांधलेली थोरली बहीण. तिने चावीवाल्याकडे पाठ केली होती.

"फोटोंपासून सुरू करते," बाई म्हणाल्या. "तीनशे चाळीस हायड्रंट, आणि प्रत्येकाची डावीच साखळी तुटावी? आज सकाळी प्रमुखांनी चाळीस हायड्रंट फिरून पाहिले. तार एकावरच आहे, ठेकेदाराच्या गोदामासमोरच्या. त्याच एका खांबावर आकडे पुसत, नवे घालत तीनशे चाळीस फोटो काढले. बाकीच्यांना नुसता रंग फासला."

ठेकेदाराने बाही ओढून घड्याळ झाकलं.

"पण ही झाली फसवणूक. व्हॉल्व्ह बंद कुणी केला, हा प्रश्न राहतोच. प्रमुख, व्हॉल्व्ह उघडायला किती माणसं लागली?"

"दोन. घाम फुटला."

"तीन आठवड्यांत एवढा गंज चढत नाही. तो सहा वर्षं बंद होता. दुरुस्तीला आलेल्या टोळीने बंद केला, दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर डांबर पडलं आणि झाकण त्याखाली गेलं. म्हणून आगीच्या दिवशी जवानांना ते सापडलं नाही."

"मनाचे मांडे आहेत हे," साहेब शांतपणे म्हणाले. "झाकण उघड्यावर आहे. सगळ्यांनी पाहिलंय."

बाईंनी पिशवीतून डांबराचा तुकडा काढून टेबलावर उलटा ठेवला. खालच्या बाजूला मंडळाची अक्षरं उमटली होती. उलटी, पण स्वच्छ.

"हा नाल्यात सापडला. आगीनंतर, सकाळी सहाच्या आत, कुणीतरी डांबर फोडून झाकण मोकळं केलं आणि चिकटलेलं डांबर रॉकेलने पुसलं. कशासाठी? तर चावीवाल्यावर ढकलता यावं म्हणून. झाकण दिसलं, की दोष त्याचा. नाही दिसलं, तर दोष कुणाचा? डांबर पडल्यावर 'या रस्त्यावरील सर्व झाकणे नव्या डांबराच्या पातळीला वर घेतली आहेत' असा दाखला ज्याने सही करून दिला, त्याचा. तो दाखला मला काल संध्याकाळी मिळाला. सही तुमची आहे, साहेब."

"मी शेकडो दाखल्यांवर सह्या करतो!"

"निलंबनाचा आदेश किती वाजता पोचला, काका?"

"साडेदहाला," चावीवाला म्हणाला.

"त्यात लिहिलंय, 'झाकण उघडले असता व्हॉल्व्ह बंद आढळला.' आढळला! प्रमुख, झाकण किती वाजता उघडलं?"

"बारा वाजून पाच मिनिटांनी," प्रमुख सावकाश म्हणाले, आणि त्यांची मान साहेबांकडे वळली.

"जे कुणी उघडलंच नव्हतं, त्याच्या आत काय आहे हे तुम्हाला दीड तास आधी ठाऊक होतं. कारण काकांनी सहा वेळा लिहून कळवलं होतं. जवान सकाळीच झाकण उघडतील या हिशेबाने तुम्ही आदेश आधीच टाईप करून ठेवलात. त्यांना उशीर झाला, तुम्हाला धीर धरवला नाही. आणि यंदा वरून तपासणीचा हुकूम आला, तेव्हा खालचा व्हॉल्व्ह बघणारा माणूस तुम्हाला नकोच होता. न बघणारा हवा होता. तुम्ही ठेका तपासणीचा दिला नाहीत, साहेब. डोळे मिटण्याचा दिलात."

ठेकेदार एकदम उठला. "मी नाही, यांनीच सांगितलं! 'बाहेरून रंग द्या, आत हात घालू नका.' काल पहाटे पहार घेऊन माणसं पाठवा म्हणाले, तीही मी पाठवली. मला काय माहीत कशासाठी!"

"सगळं माहीत होतं," बाई म्हणाल्या. "खाली बसा."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून ओठ टिपले. आवाज अजून तसाच मऊ होता. "बाई, जरा व्यवहाराने बघा. तीनशे चाळीसातला एक. एका खांबासाठी माझी तीस वर्षांची नोकरी…"

बाईंना वाटलं, हा माणूस बसला ती खुर्चीसुद्धा जाळून टाकावी. त्यांनी प्रमुखांना खूण केली. बाहेर थांबलेले पोलीस आत आले. जाताना साहेब थोरलीच्या समोरून गेले, आणि तिला वाट द्यायला सांगताना "एक्स्क्यूज मी" म्हणाले.

मग ती चावीवाल्यापाशी आली.

"काका, मी तुमच्या दारात थुंकले."

"थुंकलीस."

"चुकले मी. तुमचा काही दोष नव्हता."

चावीवाल्याने मान हलवली. ती होकाराची नव्हती.

"असं नको म्हणू, पोरी. मला ठाऊक होतं ते झाकण डांबराखाली कुठे आहे. पावलं मोजून दाखवलं असतं मी. सहा वर्षं अर्ज लिहीत बसलो, आणि घरात पहार होती."

बाईंनी कागद गोळा केले आणि दोघांना तिथेच ठेवून त्या बाहेर आल्या. अजून तीनशे हायड्रंट उघडून बघायचे राहिले होते.